दोन वह्यांचा ताळा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी लेख द्या, असा मंदिरातून निरोप आला, तेव्हा मी नेहमीसारखा गाणगापूरचा नाहीतर नरसोबाच्या वाडीचा अनुभव लिहीन, असं मंडळींना वाटलं असावं. मी म्हटलं, यंदा दुसऱ्याच विषयावर लिहायचंय. राजकारणावरून घराघरांत जी दुफळी झाली आहे, वर्तमानपत्रवाले जिला ध्रुवीकरण म्हणतात, ती का होते आणि कमी कशी होईल, यावर. संपादक जरा बिचकले. अंक देवाचा, त्यात निवडणुकीचं कशाला? शेवटी एका अटीवर होकार मिळाला. लेखक कोणत्या बाजूचा आहे हे वाचकाला कळता कामा नये. अट मला पटली, कारण मला जे सांगायचंय त्याला माझी बाजू कोणती याने काही फरक पडत नाही. माझ्या जागी माझा भाऊ असता आणि त्याच्या जागी मी, तरी हकीकत हीच झाली असती.

मी कॉमर्स पदवीधर. अडतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. तत्त्वज्ञान हा माझा प्रांत नव्हे. पण भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर आहे, अजगर आहे, मासा आहे. ज्यांनी पाखरं-किडे गुरू केले, त्या दत्तगुरूंच्या अंकात एका कारकुनाने चार शब्द लिहिले तर चालतील, असं धरून चालतो.

आमचं घर लालबागच्या चाळीतलं. दहा बाय बाराची खोली. बाबा गिरणीत, साचाखात्यात. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. बाबा लाल बावट्याचे. आणि आम्ही दोघं भाऊ मिसरूड फुटायच्या आधीच शिवसेनेच्या शाखेत बसायला लागलेले. दसऱ्याला शिवाजी पार्कवर जायचं म्हणजे आम्हाला सोनं लुटण्याइतकंच ठरलेलं. दादा मला खांद्यावर बसवून घेऊन गेल्याचं आठवतंय. पुढे खांद्यावर बसायचं वय गेलं, तरी जाणं चुकलं नाही. तो बेस्टमध्ये कंडक्टर, मी बँकेत, पण दसऱ्याला दोघांची रजा एकाच दिवसाची.

जून 2022 मध्ये पक्ष फुटला. 30 जूनला नवे मुख्यमंत्री आले. आणि 13 जुलैला, गुरुपौर्णिमेच्या दिवशी, दादाच्या घरी आमचं भांडण झालं. तारीख अशी काही लक्षात राहिली आहे की कीर्दीत लिहून ठेवल्यासारखी.

पादुकांची पूजा झाली होती. आरती झाली होती. वहिनींनी केळीच्या पानावर शिरा वाढला होता. समोर टीव्ही चालू. चारजण एकाच वेळी ओरडत होते आणि पाचवा त्यांना आणखी ओरडायला सांगत होता. मी काहीतरी बोललो. दादा काहीतरी बोलला. विकले गेले, गद्दार, लाचार, आंधळे, त्या दिवसांत रस्त्यावर जे शब्द उडत होते ते सगळे त्या शिऱ्याच्या ताटावरून उडाले. आणि शेवटी मी म्हटलं, "आज बाबा असते ना, तर त्यांनी तुला दारात उभं केलं नसतं."

खाली उतरताना मला माझंच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाबा आयुष्यभर विळ्याला मत देत आले. त्यांच्या दोन्ही मुलांनी धनुष्यबाण घेतला. त्यांनी कधी एकाला तरी दाराबाहेर ठेवलं का? दहा बाय बाराच्या खोलीत दोन विरोधी पक्ष एका तव्यावरची भाकरी खात होते. आणि मी त्याच बाबांच्या नावाने दादाला दार बंद करत होतो.

त्या वर्षी 5 ऑक्टोबरला दसरा होता. मेळावे दोन झाले, एक शिवाजी पार्कवर आणि एक वांद्रे-कुर्ला संकुलात. आम्हा भावांपैकी एकजण दादरला पायी गेला, दुसरा वांद्र्याला बसने. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वेगवेगळे. नंतर आयोगाने चिन्ह गोठवलं, मग फेब्रुवारी 2023 मध्ये नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला. आमच्या घरात त्याचा निकाल लागला नाही.

चाळ गेली, तिथे बावीस मजल्यांचा टॉवर आला. दादा नवव्या मजल्यावर, मी चौदाव्या. चाळीत भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गाठ पडायचीच. बादली कोणाची आधी, यावरून का होईना, बोलावं लागायचं. टॉवरमध्ये घराघरात नळ. गाठ पडायची ती लिफ्टमध्ये. दोन म्हातारे भाऊ, एकाच्या हातात दुधाची पिशवी, दुसऱ्याच्या हातात फुलांची पुडी, आणि दोघांचे डोळे वरच्या लाल आकड्यांवर. सात, आठ, नऊ. दार उघडायचं, तो बाहेर. सतरा महिने हे चाललं.

मार्च 2023 मध्ये खालच्या वॉचमनने मला विचारलं, "काका, वहिनींना आता कसं आहे?" त्यांची हृदयाची शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. मला ठाऊक नव्हतं. ज्या वहिनींनी माझ्या लग्नात मला हळद लावली, त्यांची छाती उघडली गेली आणि पाच मजल्यांवर ती बातमी आली नाही. आणि मी काय केलं? मला कळवलं नाही म्हणून मी गेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लेख लिहायचा तर हेच लिहायला हवं. बाकी सगळं व्याख्यान झालं.

आता प्रश्न असा की, हे होतं कसं? मतभेद काय आज जन्माला आले?

आपल्या मुंबईतच, डोंगरीच्या तुरुंगात, 1882 साली टिळक आणि आगरकर यांनी एकशे एक दिवस एकत्र काढले. कोल्हापूर प्रकरणाच्या खटल्यातली ती शिक्षा. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. रात्र-रात्र बोलत बसणारे ते दोन मित्र पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर असे दुरावले की आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. दोघांच्या लेखणीला दयामाया नव्हती. पुण्यात तर सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 साली, वयाच्या चाळिशीच्या आत, आगरकर गेले. त्यांच्यावर मृत्युलेख लिहायला टिळकच बसले, आणि लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असं सांगतात. मत बदललं नव्हतं. पण तुरुंगातले एकशे एक दिवस खात्यातून खोडले गेले नव्हते.

तेव्हाची माणसं थोर आणि आताची खुजी, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याच परळमध्ये 5 जून 1970 रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गॅलरीत त्या रात्री कोणाच्या घरात रेडिओ लागला नाही. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. देसाईंच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या होत्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. त्या दिवशी चाळीत अर्ध्या खोल्यांत पेढे आणि अर्ध्या खोल्यांत सुतक. तेव्हा जुनं ते सगळं सोनं नव्हे. जुन्या काळात माणसं मेलीसुद्धा आहेत.

फरक मला दिसतो तो वेगळा. शेजारच्या खोलीतले काका शाखेचे आणि बाबा लाल बावट्याचे. पोटनिवडणुकीनंतर दोघं कितीतरी दिवस एकमेकांकडे पाहत नव्हते. पण 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात दोघंही होते. संप मागे घेतला असं कधी कोणी जाहीर केलंच नाही. तो नुसता विरत गेला आणि त्याबरोबर ही माणसंही. गॅलरीत काका आणि बाबा एका बाकावर बसून एकाच विडीचे दोन तुकडे ओढायचे. गावाहून तांदळाचं पोतं आलं की निम्मं शेजारी जायचं. पोतं देताना कोणी झेंडा विचारला नाही. बाबा माझ्यासाठी लाल बावटेवाले होतेच, पण त्याआधी ते साचाखात्यातले, चाळीतल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले, गावच्या देवळाच्या वर्गणीदारांपैकी एक. काकांशी त्यांचं एक खातं बंद पडलं, तरी आणखी चार खाती चालू होती.

बँकेत एका माणसाची अनेक खाती असतात. बचत खातं, मुदत ठेव, कर्ज, लॉकर. कर्जाचा हप्ता थकला म्हणून आम्ही त्याला लॉकर उघडू देत नाही असं होत नसे. माझ्या मते आजची दुफळी म्हणजे माणसाची सगळी खाती मिटवून एकच खातं ठेवणं. तो आमच्याचा की त्यांच्यातला, एवढंच. मग ते एक खातं तोट्यात गेलं की माणूसच बुडीत खात्यात टाकायचा.

दादाची नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. आमच्या दोघांच्या मौनात ती दोन्ही मजल्यांवर जात असे, मला 'छोटे आजोबा' म्हणते. तिने एकदा लिफ्टमध्ये मला एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. हेन्री ताजफेल नावाचे मानसशास्त्रज्ञ, जन्माने पोलंडमधले ज्यू, महायुद्धात त्यांचे घरचे मारले गेले. त्यांनी 1970 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टल गावातली चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं घेतली. अगदी फालतू कारणावरून, अमुक चित्रकार आवडतो की तमुक, असं सांगून त्यांचे दोन गट केले. गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग थोडे पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. पण पुष्कळदा त्यांनी आपल्या गटाला कमी पैसे मिळाले तरी चालतील, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, अशी वाटणी निवडली. मी विचारलं, "म्हणजे स्वतःचं नुकसान करून?" ती म्हणाली, "हो छोटे आजोबा. तुमच्यासारखंच."

पोरगी फटकळ आहे. पण खरं बोलली. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून जानेवारी 2026 मधल्या निवडणुकीपर्यंत मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. गटाराचं झाकण, पाण्याचा दाब, कोणाला सांगायचं याचा पत्ता नव्हता. आणि ज्यांनी मिळून हे विचारायला पाहिजे ते आम्ही दोघं भाऊ, लिफ्टमध्ये आकडे मोजत उभे. आपलं नुकसान चाललंय याचं काही नाही, समोरच्याचं जास्त व्हावं.

यात भर मोबाइलची. अवधूताच्या गुरूंमध्ये हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात येतं. आमच्यासारख्या निवृत्तांच्या हातात दिवसभर हे गाणं असतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाचजणांना जमावाने ठेचून मारलं, मुलं पळवणारी टोळी समजून. ते कोण होते? मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. भिक्षा मागून खाणारे. ज्यांच्या झोळीत पीठ घातलं की दत्त पावला असं आपली आजी म्हणायची, ते. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवा त्यामागे होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 2020 मध्ये फार फिरलेल्या मजकुराला एकच ठिकाण ठेवलं. ही राजकारणाची गोष्ट नव्हे, पण यंत्र तेच आहे. आणि अंगठा आपला आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर दादाच्या बाजूची टिंगल करणारी किती चित्रं मी पाठवली, त्याचा हिशोब माझ्या फोनमध्ये आजही आहे. खरी की खोटी, एकदाही तपासली नाहीत. अडतीस वर्षं सही जुळल्याशिवाय एक चेक पास केला नाही, तो हा मी.

शेवटी मी ग्रुप सोडला. अवधूताच्या गुरूंमध्ये एक कुमारिका आहे. भात कांडताना हातातल्या बांगड्या वाजतात, म्हणून ती एकेक उतरवते आणि एकच ठेवते. आवाज बंद. मी मनाशी म्हटलं, आपणही तेच केलं. पण ते माझं ढोंग होतं. तिने बांगडी उतरवली, त्यात अवधूताला साधनेचा धडा दिसला. मी उतरवली ती रागाने. शांतता झाली, पण ती सांधल्याची नव्हे, तुटल्याची.

या काळात पारायणाला बसलो होतो तेव्हा चोविसावा गुरू माझ्या डोक्यातून जाईना. कुंभारमाशी एक किडा आणून भिंतीवरच्या मातीच्या घरात कोंडते. तो किडा भीतीने अहोरात्र तिचंच ध्यान करतो आणि शेवटी तिच्यासारखाच होतो, अशी ती कल्पना. आपण कीर्तनात ऐकतो की भगवंताचं ध्यान करा, भगवंत व्हाल. पण भागवत तिथे थांबत नाही. प्रेमाने, द्वेषाने किंवा भयाने, ज्यावर मन जडतं त्याचंच रूप येतं, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. द्वेषानेसुद्धा! हे मी वर्षानुवर्षं वाचत आलो आणि कधी थबकलो नाही. मी कोणाचं ध्यान करत होतो? सकाळी उठून पहिलं दत्तनाम, आणि दुसरं, काल 'त्यांनी' काय केलं. दुसऱ्याला जास्त वेळ जात होता. 'ते' खोटं बोलतात म्हणता म्हणता मी न तपासलेलं पुढे पाठवायला लागलो. 'ते' माणसं विकत घेतात म्हणता म्हणता माणसाचा भाव करायला लागलो. 'त्यांना' नाती कळत नाहीत म्हणता म्हणता वहिनींना भेटायला गेलो नाही.

डिसेंबर 2023 मध्ये दत्तजयंती 26 तारखेला होती. महाप्रसादाचा हिशोब माझ्याकडे असतो, कोठी दादाकडे. मंदिराने आमच्या भांडणासाठी कामं बदलली नाहीत, हे त्यांचे उपकार. मी कोठीसाठी चाळीस हजार रुपये एका मुलाच्या हाती पाठवले. उत्सव झाल्यावर त्याच मुलाच्या हाती बिलं आली. तांदूळ, डाळ, गूळ, तूप, भाजी, पत्रावळ्या. बेरीज पस्तीस हजार सहाशे पन्नास. रोख परत शून्य. चार हजार तीनशे पन्नास रुपयांचा ताळा लागेना.

त्या रात्री माझ्या मनात काय आलं ते दत्तासमोर लपत नाही, तर वाचकांपासून काय लपवू? माझ्या मनात आलं, "तिकडे गेलेला माणूस. तिकडे हेच शिकवतात." ज्याने मला खांद्यावर बसवून मेळावा दाखवला, बाबांची गिरणी बंद पडल्यावर बहिणीच्या लग्नासाठी बेस्टच्या सोसायटीचं कर्ज काढलं, त्याने देवाचे साडेचार हजारसुद्धा पुरते नाहीत असे पैसे खाल्ले असतील, हे माझ्या मनात आलं. आलं आणि पाच मिनिटं राहिलं.

बँकेत शिकाऊ असताना आम्हाला पहिली गोष्ट शिकवली जाई ती ताळमेळाची. ग्राहकाची रोकडवही आणि बँकेचं पासबुक, रक्कम एकच, पण महिनाअखेरीला शिल्लक दोन ठिकाणी दोन. म्हणजे कोणीतरी चोर आहे का? नाही. एखादा चेक वाटेत असतो. एखादं व्याज इकडे लिहिलंय, तिकडे अजून कळलेलं नाही. दोन्ही वह्या खऱ्या असतात, आणि तरी जुळत नाहीत. आधी समोरच्याची वही मागून घ्यायची, आपली त्याला दाखवायची, आणि एकेक ओळ टिचकी मारत जायचं. नाहीच सापडलं तर फरक सस्पेन्स खात्यात ठेवायचा. चोरी म्हणून नाही, न उलगडलेलं म्हणून. हे मी शेकडो अनोळखी ग्राहकांसाठी केलं होतं. भावासाठी करायला नवव्या मजल्यावर जावं लागणार होतं.

गेलो. वहिनींनी दार उघडलं. काही बोलल्या नाहीत, पाणी आणलं. मी दादाला म्हटलं, "चार हजार तीनशे पन्नासचा फरक येतोय." तो उठला आणि कपाटातून एक प्लास्टिकची फाइल घेऊन आला. त्यात भांडीवाल्याची पावती होती. दोन मोठ्या कढया, चार पातेली, झारे, परातींसाठी अनामत चार हजार, आणि हातगाडीवाल्याचे साडेतीनशे. "अनामत परत येणार आहे," तो म्हणाला, "म्हणून खर्चात दिली नाही. हातगाडीचं चिटोरं त्याच पावतीला टाचलंय, तेही राहिलं." बरोबर होतं. अनामत हा खर्च नव्हेच. कॉमर्स मी शिकलो होतो, तो नव्हे.

पावती काढताना फाइलमधले दुसरे कागद बाहेर आले. ती वहिनींच्या तपासण्यांची फाइल होती. हाताला येईल तिथे त्याने पावती ठेवली होती. वर शस्त्रक्रियेच्या आधी भरायचा छापील कागद. जवळचे नातेवाईक, क्रमांक एक, मुलाचं नाव. क्रमांक दोन, माझं नाव आणि माझा फोन नंबर. दादाच्या अक्षरात. मला फोन केला नव्हता, पण वेळ आलीच तर तो कोणाला करायचा हे त्याने इस्पितळाला लिहून दिलं होतं. मी तिकडे पाहतोय हे त्याने पाहिलं. फाइल बंद केली. "चहा घेणार का?" त्याने विचारलं. सतरा महिन्यांतलं, हिशोबाव्यतिरिक्तचं, ते पहिलं वाक्य.

नंतर नातीला हे सांगितलं तर तिने आणखी एक प्रयोग सांगितला. हा मात्र मला कोणत्याही प्रवचनापेक्षा उपयोगी वाटला. अमेरिकेत ओक्लाहोमाला 1954 च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ यांनी बावीस मुलांचं शिबिर घेतलं, अकरा-अकराचे दोन गट. स्पर्धा लावल्यावर थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, खेळ दाखवले. भांडण मिटलं का? उलट मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं असं केलं, आणि टाकीपासून नळापर्यंत सगळ्यांना मिळून शोधावं लागलं. जेवण आणायची गाडी अडकली, ती दोरी लावून सगळ्यांनी ओढली. अशा कामांतून हळूहळू तेढ उतरली.

आपण समजतो, पंगतीला शेजारी बसवलं की मनं जुळतात. बसून नाही जुळत. गरम आमटीचं पातेलं दोन्ही कानांना दोघांनी धरलं की समोरच्याकडे बघून चालावं लागतं, नाहीतर दोघांचे पाय भाजतात. संयुक्त महाराष्ट्र समितीचं असंच होतं. 6 फेब्रुवारी 1956 ला ती स्थापन झाली तेव्हा त्यात डांगे होते, एस. एम. जोशी होते, आचार्य अत्रे होते, प्रबोधनकार ठाकरे होते. एरवी यातले किती जण एकमेकांना सरळ बोलले असते? 106 हुतात्म्यांचं ओझं आणि मुंबई हे एकच ध्येय, म्हणून पातेलं उचललं गेलं. 1 मे 1960 नंतर ते खाली ठेवलं आणि पुन्हा जो-तो आपल्या वाटेने गेला. त्यात वाईट काही नाही. कायम सगळ्यांचं एक मत असावं असं दत्तसंप्रदायानेही कुठे म्हटलंय? आपल्या देवाला तोंडं तीन आहेत आणि तिन्ही तीन दिशांना बघतात.

तरी एक शंका मला सुटलेली नाही. काही ठिकाणी समोरची बाजू खरोखरच अन्याय करत असते. तिथे ताळमेळ, समजून घेणं, चहा, हे सगळं दुबळेपणाचं नाही का? विचार करून मला एवढंच वाटतं की, विरोध करायला द्वेष लागत नाही, आणि ज्या बाजूच्या धोरणाविरुद्ध मत देतो तिच्यातल्या माणसाला चोर ठरवायला आधी त्याची वही बघावी लागते. कुरर पक्ष्याच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो तोवर बाकीचे त्याला टोचतात, टाकला की सुटतो. माझ्या चोचीत 'मीच बरोबर' हा तुकडा होता. मत मी टाकलेलं नाही. तो तुकडा मात्र अधूनमधून टाकतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पुन्हा उचलतोही. कोणाच्या डोळ्यांदेखत दत्त मलंगाच्या वेशात आले आणि प्रत्यक्ष नाथमहाराजांनाही आधी ओळख पटली नाही, असं परंपरा सांगते. मग आमच्यासारख्यांचं काय?

5 जुलै 2025 ला वरळीला दोघे ठाकरे बंधू जवळजवळ वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. त्या दिवशी दादा आणि मी एकत्र टीव्ही बघत होतो. कोणाला आनंद झाला आणि कोणाला नाही, ते अटीप्रमाणे सांगत नाही. पण दादा म्हणाला, "वरचे एका दिवसात एक होतात रे. खाली ज्यांनी वीस वर्षं एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं, त्यांना कोण सांगणार?" त्यावर आम्ही दोघंही गप्प बसलो.

आमची मतं अजूनही वेगळीच पडतात. पक्षावरून आम्ही अजून भांडतो, वहिनी टीव्ही बंद करतात. मागच्या दत्तजयंतीला महाप्रसाद आटोपल्यावर कढया आम्ही दोघांनीच धुऊन हातगाडीवर चढवल्या. त्याचा गुडघा दुखतो, माझी पाठ. रात्री अकराला लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा दादाने आधी चौदाचं बटण दाबलं, मग नऊचं. नवव्यावर दार उघडल्यावर पायाने ते अडवून म्हणाला, "उद्या भांडी परत जातायत. अनामत आठवणीने माग, आणि या वेळी तुझ्या वहीत लिही."